टॅरँट्युला पाळताना: खायला काय घालायचं आणि हात कधी आखडता घ्यायचा

पाळलेला टॅरँट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, उपासमारीने मेला, असं फार क्वचित घडतं. तो मरतो ते बहुधा उंचावरून पडून, पाणी न मिळाल्याने, कोंदट डब्यात ठेवल्याने, नाहीतर कात टाकत असताना कोणीतरी काळजीपोटी त्याला हलवल्याने. यातली बरीचशी मरणं दुर्लक्षामुळे नव्हे, नको तितक्या लक्षामुळे ओढवतात. कुत्र्या-मांजरांवर माया करायची सवय असलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. हा प्राणी तुम्हाला ओळखत नाही, त्याला गोंजारलेलं आवडत नाही, रोजचं जेवण तर लागतच नाही. घर नीट असलं, लपायला जागा असली, वाटीत पाणी असलं आणि अधूनमधून भक्ष्य मिळालं की त्याचं भागतं.

एवढं सांभाळलं तर काही जातींच्या माद्या वीस वर्षांहून जास्त जगतात. त्यामुळे पिल्लू घरी आणायच्या आधी पुढच्या वीस वर्षांचा विचार केलेला बरा.

आणण्याआधी: जात कोणती?

टॅरँट्युलांच्या हजाराहून अधिक जाती आहेत, पण पाळणाऱ्याच्या दृष्टीने पहिली विभागणी दोनच गटांची. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतले बरेचसे कोळी पोटावर खाजरे केस बाळगतात. धोका वाटला की मागच्या पायांनी ते केस झाडतात. खाजकुइली अंगाला लागल्यावर जशी आग होते, तसलाच हा प्रकार. हे कोळी सहसा संथ असतात आणि चावायच्या आधी पळून जाणं पसंत करतात. आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातल्या जातींकडे असे केस नसतात. त्यांची भिस्त वेगावर आणि विषावर. त्यांच्या दंशाने भयंकर वेदना होतात, स्नायूंमध्ये पेटके येतात आणि ते कधीकधी कित्येक दिवस राहतात.

म्हणून पहिला टॅरँट्युला अमेरिकेतल्या जातींपैकीच घ्यावा, यावर जुन्या पाळणाऱ्यांचं सहसा एकमत असतं. कुरळ्या केसांचा ट्लिल्टोकॅटल अल्बोपिलोसस हा माझ्या मते सर्वांत चांगला: दणकट, खाऊगल्ली सापडल्यासारखा खाणारा, चुका माफ करणारा. गुडघ्यांवर केशरी पट्टे असलेला ब्रॅकिपेल्मा हॅमोरी दिसायला सुंदर आहे, मात्र वाढतो अगदी सावकाश. ग्रामोस्टोला पल्क्रा काळाभोर आणि शांत असतो. थेराफोसा ब्लोंडी हा जगातला सर्वांत मोठ्या कोळ्यांपैकी एक, पायांसकट तीस सेंटिमीटरच्या आसपास जाणारा. नवख्याला त्याचं फार आकर्षण असतं, पण त्याला सतत ओलावा लागतो आणि त्याचे केस फारच त्रासदायक असतात. तो नंतर कधीतरी.

पोएसिलोथेरिया मेटॅलिका या निळ्या कोळ्याचे फोटो पाहून अनेकजण या छंदाकडे वळतात. जंगलात तो अतिशय संकटात आहे आणि स्वभावाने विजेसारखा चपळ. पोएसिलोथेरिया आणि ब्रॅकिपेल्मा या दोन्ही प्रजातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे. जात कुठलीही असो, तुमच्या देशातला कायदा ती पाळायला परवानगी देतो का, नोंदणी लागते का, हे आधी बघा. कोळी पाळीव जोडीपासून जन्मलेला आहे याची कागदोपत्री खात्री करून घ्या. जंगलातून उचललेल्या प्राण्याबरोबर परजीवीही घरी येतात, आणि त्याचं वय किती हेही कोणी सांगू शकत नाही.

मोठा, देखणा कोळी फार स्वस्तात मिळत असेल तर तो पूर्ण वाढलेला नर नाही ना, हे तपासा. तोंडाजवळचे दोन आखूड अवयव टोकाला मुष्टियुद्धाच्या हातमोज्यांसारखे फुगलेले दिसले, शिवाय पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला आकडे दिसले, तर तो वयात आलेला नर. सगळ्याच जातींत हे आकडे नसतात, पण फुगीर टोकं चुकत नाहीत. अशा नराचं आयुष्य सहसा काही महिने ते वर्ष-दीड वर्षच उरलेलं असतं.

घर

जमिनीवर राहणाऱ्या जातींसाठी पेटीची लांबी कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या तिप्पट असली की पुरे. रुंदी दुप्पट चालते. खरी मेख उंचीत आहे. मातीच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंतचं अंतर पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. टॅरँट्युला काचेवर चढतात आणि पडतातही. त्यांचं पोट पातळ कातडीच्या पिशवीत सामावलेलं असतं. वजनदार मादी वीत-दीड वीत उंचीवरून कडक वस्तूवर आपटली तरी पोट फाटून तिच्या जिवावर बेतू शकतं. दुकानात मिळणारी उंच काचेची टाकी घेतलीच असेल, तर ती अर्ध्याहून जास्त मातीने भरून टाका. दिसायला विचित्र दिसेल, पण कोळी वाचेल.

त्याच टाक्यांना वर बारीक धातूची जाळी असते, तीही काढून टाका. पायांची टोकं जाळीत अडकतात, कोळी लोंबकळत राहतो आणि पाय गमावतो. तिच्या जागी भोकं पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी बसवा. भोकं समोरासमोरच्या भिंतींवर असली तर हवा खेळती राहते. कोळ्याच्या पाठीच्या कवचापेक्षा प्रत्येक भोक लहान हवं. पोट दबतं, पण कवच दबत नाही. त्यामुळे कवच जिथून जाईल तिथून अख्खा कोळी गेला असं समजा.

मातीसाठी कोकोपीट, किंवा खत आणि कीटकनाशक न घातलेली साधी माती, किंवा दोन्हींचं मिश्रण. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये, इतपत ओलसर करून ती भरा आणि हाताने चांगली दाबा. भुसभुशीत मातीवर पाय ठेवायला कोळ्याला आवडत नाही, मग तो दिवसेंदिवस भिंतीला चिकटून बसतो. थर निदान दहा सेंटिमीटर हवा. बिळात राहणाऱ्या जातींना याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. पाइन आणि देवदाराच्या लाकडाचा भुसा नको, त्यातली तेलं कोळ्यांना बाधतात. धारदार खडी आणि टोकदार शोभेचे दगडही नकोत.

लपण म्हणून कॉर्कच्या सालीचा अर्धगोल तुकडा तिरका पुरून ठेवा आणि त्याच्या खाली बोटाने बिळाची सुरुवात करून द्या. बाकीचं खणकाम तो करेल. केलं नाही तरी हरकत नाही. काही कोळी लपणाकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि महिनोन्‌महिने उघड्यावर बसतात.

झाडावर राहणाऱ्या जातींचं गणित उलटं असतं. अ‍ॅविक्युलेरिया, कॅरिबिना यांना उंच पेटी, उभी रोवलेली साल आणि आडोशाला काही पानं लागतात. ही मंडळी वरच्या कोपऱ्यात जाळ्याची नळी विणून राहतात, म्हणून पेटीचं दार शक्यतो समोरून उघडणारं घ्या. वरून उघडलंत तर दर वेळी त्यांचं घर फाटेल.

तापमानाचा फार बाऊ करू नका. वीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअसमध्ये बहुतेक जाती मजेत राहतात. थंडीत त्यांचं खाणं आणि वाढ मंदावते, इतकंच. तापवणारे दगड, दिवे आणि पेटीखाली ठेवायच्या चटया टाळा. ऊन फार झालं की कोळी जमिनीत खोल जाऊन बसतो. खालची चटईच तापलेली असेल तर ती सवय त्याला भाजून काढते. खोलीच फार गार पडत असेल तर खोली उबदार करा. आणि पेटी खिडकीतल्या उन्हात कधीही ठेवू नका, बंद काचेत थोड्या वेळातच भट्टी होते.

पेटीत सोडणं

नवा कोळी आला की त्याला डब्यातून हलवायची घाई प्रत्येकालाच होते. आधी तयारी करा. एक मोठं, पारदर्शक, उंच काठाचं प्लास्टिकचं टोपलं जमिनीवर ठेवा. टेबलावर नको, पळाला तर तो तिथून पडेल. कोळ्याचा डबा आणि त्याची नवी पेटी, दोन्ही त्या टोपल्यात. जवळ एक रुंद तोंडाचा पारदर्शक पेला, एक जाड पुठ्ठा आणि मऊ केसांचा लांब दांड्याचा चित्रकलेचा ब्रश. दारं बंद, मांजर बाहेर.

डबा आडवा करून त्याचं तोंड नव्या लपणाच्या दिशेने करा. ब्रशने मागच्या पायांना अगदी हलका स्पर्श करा. एका स्पर्शाने तो दोन-चार पावलं जातो, मग थांबतो. त्याला थांबू द्या. पुन्हा स्पर्श. तो उलट फिरून पुढचे पाय वर करून सुळे दाखवायला लागला तर ब्रश बाजूला ठेवा आणि काही मिनिटं काहीच करू नका. भांडण चालू ठेवलंत तर तो दमत नाही, पळतो. चुकून हातावर चढलाच तर हात झटकायचा नाही. पंजा टोपल्यात खाली न्या आणि पेला पुढ्यात धरा.

नव्या घरात पहिले काही दिवस तो भिंतीवर चढेल, कोपऱ्यात मुडपून बसेल किंवा लपणाचं दार मातीने बुजवून गायब होईल. हे सगळं नेहमीचं आहे. किमान आठवडाभर खायला घालू नका, फक्त पाणी भरलेलं ठेवा. कात टाकायला आलेल्या किंवा नुकतीच टाकलेल्या कोळ्याचं घर बदलू नका.

पाणी

कोळ्याचे पाय सरळ होतात ते स्नायूंच्या जोरावर नव्हे. पायांच्या मुख्य सांध्यांना वाकवणारे स्नायू आहेत, ताणणारे नाहीत. अंगातला द्रव दाबाने पायात जातो आणि पाय उलगडतात. शरीरातलं पाणी घटलं की दाब पडतो आणि पाय आपोआप पोटाखाली गोळा व्हायला लागतात. मेलेला कोळी आकसून पडलेला दिसतो त्याचं कारणही हेच. उपाशी टॅरँट्युला महिनोन्‌महिने तग धरतो, तहानलेला नाही.

तेव्हा प्रौढ कोळ्याच्या पेटीत उथळ, जड वाटी कायमची असू द्या, मग त्याची जात कितीही कोरड्या प्रदेशातली असो. साधं पिण्याचं पाणी चालतं. वाटीत स्पंज किंवा कापूस ठेवायची जुनी पद्धत आहे, ती सोडून द्या, त्यात फक्त जंतू वाढतात. कोळी बुडेल ही भीतीही बाळगू नका, प्रौढ टॅरँट्युला पाण्यावर तरंगतो. तो वाटीत माती भरून ठेवेल, वाटी उलटी करेल, तिच्यावर जाळं विणेल. आपण निमूटपणे धुऊन पुन्हा भरायची.

आर्द्रतामापक विकत घेऊन आकड्यांच्या मागे लागणं हा वेळेचा अपव्यय आहे. कोरड्या प्रदेशातल्या जातींसाठी वाटी अधूनमधून थोडी सांडू दिली की एक कोपरा ओलसर राहतो, तेवढं पुरतं. दमट जंगलातल्या जातींसाठी एका बाजूने माती खोलवर भिजवा आणि दुसरी बाजू कोरडी ठेवा. कुठे बसायचं हे कोळी ठरवतो. कोळ्याच्या अंगावर फवारा मारू नका, त्याला तो हल्ला वाटतो. काचेवर कायम धुकं धरत असेल तर हवा कमी पडते आहे. अ‍ॅविक्युलेरिया गटातली कितीतरी पिल्लं याच कोंदटपणाने मरतात, आणि पाळणारा मात्र आर्द्रता कमी पडली असावी म्हणून आणखी फवारतो.

नखाएवढ्या पिल्लांना वाटी ठेवता येत नाही. त्यांच्या कुपीच्या भिंतीवर पाण्याचा एखादा थेंब सोडा आणि मातीची एक बाजू सतत किंचित ओली ठेवा.

खाणं

भक्ष्य म्हणून रातकिडे, डुबिया झुरळं, मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) आणि त्यांचे मोठे भाऊ सुपरवर्म उत्तम. हे सगळे खास खाद्य म्हणून वाढवलेले असावेत. बागेतला नाकतोडा किंवा स्वयंपाकघरातलं झुरळ फुकट मिळतं, पण त्याच्या अंगात कोणतं कीटकनाशक किंवा कोणता कृमी आहे हे कळायला मार्ग नाही. उंदराची पिल्लं, पाली वगैरे घालायचा मोह टाळा. गरज काहीच नसते, आणि त्या मांसाचा चोथा पेटीत सडून घाण करतो.

खाद्यकिड्यांना आधी एक-दोन दिवस गाजर, पालेभाजी, ओट्स असं काही चांगलं खायला घाला. किड्याच्या पोटात जे जातं तेच शेवटी कोळ्याला मिळतं. उपाशी, वाळलेला रातकिडा म्हणजे नुसतं टरफल.

भक्ष्याचा आकार कोळ्याच्या पोटाच्या लांबीएवढा किंवा थोडा लहान धरावा. अगदी छोट्या पिल्लांना जिवंत किडा घालू नका. मीलवर्मचा तुकडा किंवा रातकिड्याची मांडी कुपीत ठेवा. पिल्लू रात्री येऊन ती चोखतं. दुसऱ्या दिवशी उरलेलं काढून टाका, नाहीतर बुरशी धरते. पिल्लांना आठवड्यातून दोनदा, पाच-सात सेंटिमीटरच्या वाढत्या कोळ्याला आठवड्याला किंवा दहा दिवसांनी एकदा, आणि प्रौढाला दोन-तीन आठवड्यांनी एक-दोन मोठे रातकिडे किंवा एक मोठं झुरळ. ग्रामोस्टोलासारख्या आळशी जातींना महिन्यातून एकदाही चालतं.

हे वेळापत्रक मात्र फक्त सुरुवातीचा अंदाज आहे. खरं वेळापत्रक कोळ्याच्या पोटावर लिहिलेलं असतं. पोट पाठीच्या कवचापेक्षा साधारण दीडपट रुंद आणि गुळगुळीत दिसत असेल तर सगळं ठीक. कवचापेक्षा लहान किंवा सुरकुतलेलं असेल तर आधी पाणी तपासा, मग खायला घाला. फुग्यासारखं तट्ट असेल, चालताना जमिनीला घासत असेल, तर दोन-तीन आठवडे काहीच देऊ नका. फार फुगलेलं पोट पडल्यावर सहज फाटतं आणि कात टाकतानाही अडचण होते. झटपट वाढावा म्हणून उष्णता वाढवून ठासून खायला घालणारे लोक आहेत. त्याने वाढ होते, पण नर लवकर वयात येतो, म्हणजे लवकर मरतो.

खायला घालायची वेळ संध्याकाळची बरी. लांब चिमट्याने भक्ष्य कोळ्याच्या समोर, थोडं बाजूला सोडा. त्याच्या तोंडापाशी चिमटा नेऊ नका, धातूवर आपटून सुळा तुटू शकतो. मग नुसतं बघा. रातकिडा चार पावलं टाकतो, मातीतून ती थरथर पायांच्या केसांना कळते आणि कोळ्याचा एक पुढचा पाय किंचित उचलला जातो. रातकिडा थांबला की हाही थांबतो. पुन्हा हालचाल झाली की डोळ्याला टिपताही येणार नाही इतक्या झटक्यात झडप पडते आणि सुळे वरून खाली रुततात. थोड्या वेळाने कोळी भक्ष्य तोंडात तसंच धरून जागच्या जागी गोल गोल फिरू लागतो. पोटाच्या टोकाकडच्या दोन बोटांसारख्या अवयवांतून रेशीम सोडून तो जमिनीवर चादर अंथरत असतो. तिच्यात भक्ष्याचं गाठोडं बांधतो आणि खायला बसतो. त्याला चावून गिळता येत नाही. तो पाचक रस भक्ष्यात ओततो आणि विरघळलेलं शोषून घेतो. मोठं झुरळ असेल तर हे कित्येक तास चालतं. शेवटी उरतो तो वाटाण्याएवढा काळपट चोथा. तो चिमट्याने उचलून टाका. बहुतेक कोळी तो नेहमी एकाच कोपऱ्यात किंवा थेट पाण्याच्या वाटीत टाकतात, तेव्हा शोधायला त्रास पडत नाही.

मीलवर्म आणि सुपरवर्म क्षणात मातीत घुसतात. देण्याआधी त्यांचं डोकं चिमट्याने चिरडा. आणि कोणतंही जिवंत भक्ष्य चोवीस तासांत खाल्लं गेलं नाही तर बाहेर काढा.

खात नसेल तर

प्रश्न विचारायचा तो पोटाला, कॅलेंडरला नाही. पोट भरलेलं असेल तर कोळी एकतर तृप्त आहे किंवा कात टाकायच्या तयारीत आहे. ग्रामोस्टोला रोझियासारख्या जाती काहीही कारण नसताना कित्येक महिने तोंड फिरवून बसतात आणि एक दिवस काही झालंच नाही अशा थाटात खायला लागतात. दर दोन-तीन आठवड्यांनी एक भक्ष्य देऊन बघा, नाकारलं तर काढा. वयात आलेला नरही खाणं जवळजवळ सोडतो आणि रात्रभर येरझाऱ्या घालतो. तो मादी शोधत असतो, त्यावर आपल्याकडे उपाय नाही.

पोट आक्रसत चाललंय आणि तरीही खात नाही, अशी जोडी दिसली तरच काळजी करा.

कात

पिल्लं वर्षातून अनेकदा कात टाकतात, मोठ्या माद्या वर्षाला एकदा किंवा त्याहूनही उशिरा. आधीची लक्षणं आठवडे, कधी महिने आधी दिसू लागतात. भूक जाते, रंग मळकट पडतो, पोट चकाकतं. केस झाडणाऱ्या जातींच्या पोटावर टक्कल पडलेलं असेल तर ती फिकट जागा हळूहळू काळी होते, कारण खाली नवे केस तयार झालेले असतात. बरेच कोळी बिळाचं तोंड बंद करून घेतात. खणून बघू नका.

मग एक दिवस कोळी पाठीवर पडलेला, पाय वर केलेला दिसतो. नवखे लोक इथेच घाबरतात आणि त्याला सरळ करायला जातात. टॅरँट्युला मरताना पाठीवर पडत नाही. मरणारा कोळी पायांवरच असतो आणि पाय अंगाखाली आवळलेले असतात. पाठीवर आहे म्हणजे कात टाकतो आहे. पेटीला हात लावायचा नाही, हलवायची नाही, फुंकर घालायची नाही, पाणी शिंपडायचं नाही. आत एखादा रातकिडा जिवंत राहिला असेल तर तेवढा मात्र हलक्या हाताने काढा, कारण या अवस्थेतल्या कोळ्याला रातकिडाही कुरतडू शकतो.

आधी पाठीचं कवच कडेने सुटून झाकणासारखं वर उचललं जातं, मग पोटाची कातडी फाटते आणि नंतर आठही पाय लयीत आत-बाहेर होत जुन्या नळ्यांतून निसटत राहतात. पिल्लांचं हे काम चटकन उरकतं, मोठ्या मादीला अर्धा दिवसही लागतो. बाहेर आलेले सुळे आधी पांढरे असतात, मग तांबूस होतात, शेवटी काळे. ते काळे होईपर्यंत त्यांचा उपयोग नाही, ते वाकतात. म्हणून पिल्लांना चार-पाच दिवस आणि प्रौढांना दहा दिवस ते दोन आठवडे खायला द्यायचं नाही. पाण्याची वाटी मात्र काठोकाठ भरा, या काळात ते खूप पाणी पितात.

टाकलेली कात फेकू नका. ती ओली असतानाच पोटाचा भाग हलकेच उलगडून आतल्या बाजूने, फुप्फुसांच्या वरच्या जोडीच्या मधोमध बघा. तिथे पाकिटासारखा छोटा पडदा किंवा दोन शिंगं दिसली तर मादी. भिंग लागतं आणि थोडा सरावही. तुटलेला पाय असेल तर तो पुढच्या एक-दोन कातींत परत येतो, सुरुवातीला बारीक असतो.

हातात घेणं आणि चावणं

माझं मत विचाराल तर घेऊ नये. कोळ्याला त्यातून काही मिळत नाही, आणि पडला तर संपला. काम करताना डोळ्यांवर चष्मा, हातात लांब चिमटा, आणि नंतर साबणाने हात धुवायचे. खाजरे केस डोळ्यात गेले तर चोळू नका, पाण्याने धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. ते बुबुळात रुतून महिनोन्‌महिने त्रास देऊ शकतात. कातडीवर लागले तर चिकटपट्टी लावून उपटा.

अमेरिकी जातींचा दंश बऱ्याचदा मधमाशीच्या डंखाइतपत असतो. तरी जखम धुवा आणि ॲलर्जीची लक्षणं दिसतात का यावर लक्ष ठेवा. आशिया, आफ्रिका किंवा ऑस्ट्रेलियातल्या जातीचा दंश झाला तर वाट न बघता डॉक्टरकडे जा आणि जातीचं शास्त्रीय नाव सांगा. घरात कुत्रा असेल तर पेटीला कुलूप हवंच. ऑस्ट्रेलियातल्या टॅरँट्युलांच्या दंशाने कुत्री मेल्याच्या नोंदी आहेत.

दुखणी

कोळ्यांवर उपचार करणारे पशुवैद्य विरळाच, त्यामुळे थोडं आपल्याला यायला हवं. पाय आकसत चाललेला, सुरकुतलेल्या पोटाचा कोळी दिसला तर त्याला हलकेच पाण्याच्या वाटीपाशी नेऊन तोंडाकडची बाजू पाण्याला टेकवून ठेवा. फुप्फुसं पोटाखाली असल्याने तोंड पाण्यात असलं तरी तो गुदमरत नाही. नुसती तहान असेल तर काही तासांत फरक दिसतो.

पोटाला चीर जाऊन निळसर-पारदर्शक द्रव येत असेल तर कोरडं मक्याचं पीठ दाबून लावा, मोठी चीर असेल तर घरगुती सुपरग्लूचा पातळ थर. तोंडावरच मात्र नको. तोंडाभोवती पांढरा चिकट फेस आणि दुर्गंधी असेल तर ते सूत्रकृमी असण्याची शक्यता असते. खात्रीचा उपाय नाही आणि ते इतर कोळ्यांना लागू शकतात, तो डबा ताबडतोब वेगळ्या खोलीत न्या, त्याचा चिमटाही वेगळा ठेवा.

पेटीतले बारीक पांढरे किडे उडी मारत असतील तर ते स्प्रिंगटेल, बुरशी खाणारे मित्र. उडी न मारता सांध्यांत आणि तोंडापाशी गोळा होत असतील तर माइट. अशा वेळी उरलेलं अन्न काढून माती पूर्ण बदला. एरवी दर महिन्याला सगळी माती उपसायची काहीच गरज नाही. चोथे आणि बुरशीचे डाग उचलले की पेटी वर्षानुवर्षं चालते.

सर्वांत दगाबाज गोष्ट म्हणजे घरातली कीटकनाशकं. झुरळांचा स्प्रे, डासांचं लिक्विड, कुत्र्याच्या मानेवर टाकायचं पिसवांचं औषध ही सगळी कीटकांच्या मज्जासंस्थेवर बेतलेली असतात, आणि कोळ्याची मज्जासंस्था त्याहून फार वेगळी नाही. कोळी झटके देत, तोल जात, नाचल्यासारखा चालू लागला तर पहिला संशय यांच्यावर घ्या. पेटी मोकळ्या हवेच्या खोलीत न्या आणि माती बदला. घरात पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर कोळ्यांची सोय दुसऱ्या घरी आधीच करून ठेवा.

गावाला जाताना

या बाबतीत टॅरँट्युलाइतका सोयीचा पाळीव प्राणी नाही. प्रौढ असेल तर निघण्याच्या दोन दिवस आधी खायला घाला, चोथा काढा, वाटी काठोकाठ भरा, झाकणाची खिटी तपासा. दोन-तीन आठवडे त्याला कोणाचीही गरज पडत नाही. कोणाला चावी द्यायचीच असेल तर फक्त वाटीत पाणी ओतायला सांगा, आणि कोळी पाठीवर पडलेला दिसला तर झाकण न उघडता तुम्हाला फोन करायला.